कोऱ्या रजिस्टरचं कौतुक नको

वाचकाचं पत्र, थोडक्यात: सांगलीतल्या एका साठ खाटांच्या खासगी रुग्णालयातल्या सिस्टर लिहितात. बारा वर्षं आयसीयूत काम केल्यावर गेल्या वर्षी एनएबीएचच्या (रुग्णालयांच्या दर्जाला मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) तयारीसाठी त्यांच्याकडे 'क्वालिटी'ची जबाबदारी आली. पगार तोच राहिला आणि आयसीयूची ड्युटीही सुटली नाही. चार महिन्यांपूर्वी रात्रपाळीत एका पेशंटला १६ युनिटऐवजी ४० युनिट इन्सुलिन गेलं आणि पहाटे साखर ३८ वर आली. २५ टक्के डेक्स्ट्रोज देऊन पेशंट सावरला. ड्युटीवरच्या सिस्टरला मेमो मिळाला, आठ दिवसांचा पगार कापला गेला. तेव्हापासून इन्सिडेंट रजिस्टर, म्हणजे चुका नोंदवायची वही, कोरं आहे. संचालक डॉक्टर खूश आहेत, रिसेप्शनजवळ 'शून्य चुका' असा फलक लावायचं चाललंय. ओटीतली (ऑपरेशन थिएटर) सुरक्षेची चेकलिस्ट सर्जन बघतही नाहीत, 'तुम्हीच भरून टाका' म्हणतात. हात धुण्याचं कसं मोजायचं, हेही पत्रात एका ओळीत आहे. सिस्टर विचारतात: 'हल्लीच्या मुली निष्काळजी आहेत, सगळीकडेच दंड लावू का? की हे काम सोडून परत आयसीयूत जाऊ? मी पडले सिस्टर, डॉक्टरांना सांगणारी मी कोण?'

ताई,

तुमच्या तीन प्रश्नांच्या आधी पत्रातल्या एका वाक्याबद्दल बोलू. तुम्ही जाता जाता लिहिलंय, 'तेव्हापासून एकही चूक झालेली नाही.' झालेली नाही, की लिहिलेली नाही?

साधा हिशेब करा. साठातल्या पंचेचाळीस खाटा भरलेल्या धरा. गोळ्या, इंजेक्शनं, सलाईन मिळून एका पेशंटला दिवसाला दहा डोस धरले, तर दिवसाला ४५० आणि चार महिन्यांत ५४,००० वेळा कुणीतरी कुणालातरी औषध दिलं. त्यात एकदाही वेळ चुकली नाही, एकदाही शेजारच्या खाटेचं इंजेक्शन हातात आलं नाही, हे तुम्हाला स्वतःला तरी पटतं का? मेमो निघाला त्या दिवशी वॉर्डातल्या प्रत्येकीनं एकच धडा घेतला: लिहिलं की पगार जातो. तेव्हा संचालकांना जे शून्य दिसतंय ते घाबरलेल्या लोकांचं आहे. तो फलक आधी थांबवा. एनएबीएचचे तपासनीस कोरं रजिस्टर पाहून कौतुक करतील या भ्रमातही राहू नका. त्यांचा पहिला प्रश्न 'इथं नोंदवतं कोण?' हाच असणार.

खरा आकडा हवा असेल तर तो रजिस्टरबाहेर शोधा. रुग्णालयाच्या मेडिकलमधून गेल्या चार महिन्यांची यादी काढा: २५ टक्के डेक्स्ट्रोज कुणाकुणाच्या नावावर गेलं, ॲव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन एकदम कुणाला लागलं, नॅलोक्झोन, व्हिटॅमिन के आणि प्रोटामिन कधी वापरलं. ही सगळी आधी दिलेल्या औषधाचा अतिरेक किंवा रिॲक्शन निस्तरण्याची औषधं. त्यात शस्त्रक्रियेत दिलेलं हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) उतरवण्यासाठी वापरलेलं प्रोटामिन वगैरे नेहमीचा वापर वेगळा काढावा लागेल. डेक्स्ट्रोजची प्रत्येक बाटली म्हणजे चूक नव्हे, पण प्रत्येक बाटलीमागचा केस पेपर उघडून बघण्यासारखा असतो. त्याला जोड म्हणून दर पंधरा दिवसांनी डिस्चार्ज झालेले दहा केस पेपर चिठ्ठ्या टाकून निवडा आणि एकेकाला जास्तीत जास्त वीस मिनिटं द्या. अचानक आयसीयूत हलवलेला, पुन्हा ओटीत नेलेला, खाटेवरून पडलेला पेशंट शोधा. जगभर ही पद्धत वापरतात. तिला सॉफ्टवेअर लागत नाही आणि कुणी चाडी सांगायचीही गरज पडत नाही.

आता त्या रात्रीकडे वळू. १६ चे ४० कसे झाले, हे पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही, पण आकडेच सांगतात. आपल्याकडे इन्सुलिनच्या कुप्या दोन ताकदींच्या येतात. नेहमीची ४० युनिट प्रति मिलिलिटर, तिची सिरिंज लाल टोपीची. ग्लार्जिनसारखी काही इन्सुलिन १०० ची, त्यांची सिरिंज नारिंगी टोपीची. १०० ची कुपी घेऊन लाल सिरिंजमध्ये १६ च्या रेघेपर्यंत भरलं, तर आत जातं ०.४ मिलिलिटर, म्हणजे बरोबर ४० युनिट. अडीच पट. उलटं झालं, ४० ची कुपी नारिंगी सिरिंजमध्ये भरली, तर १६ च्या जागी साडेसहाच्या आसपास युनिट जातात. ही दुसरी चूक कुणाच्या लक्षातच येत नाही, कारण साखर नुसती वाढलेली राहते आणि दुसऱ्या दिवशी राऊंडला डोस वाढवला जातो. मग सिरिंज बरोबर मिळाली की तोच वाढीव डोस अंगावर येतो.

तर प्रश्न असे: त्या रात्री वॉर्डच्या ट्रॉलीत नारिंगी सिरिंज होती का? मेडिकलनं कुपीबरोबर दिली होती का? दोन्ही इन्सुलिन फ्रीजमध्ये एकाच ट्रेमध्ये ठेवलेली होती का? रात्री किती पेशंटमागे किती सिस्टर होत्या? माझी पैज आहे, यातल्या निदान दोन प्रश्नांची उत्तरं अशी येतील की त्या मुलीच्या जागी तुम्ही स्वतः असता तरी हात तिथंच गेला असता. चुकांचा आयुष्यभर अभ्यास केलेले ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी हीच कसोटी सांगितली होती: तितक्याच अनुभवाची, तितकीच प्रामाणिक दुसरी व्यक्ती त्याच परिस्थितीत उभी केली तर तिच्याकडूनही हे घडलं असतं का? उत्तर 'हो' असेल, तर शिक्षेनं फार तर त्या जागेवरचा माणूस बदलतो आणि ट्रे तसाच राहतो.

म्हणजे शिक्षा कधीच नको असं मी म्हणत नाही. नशेत ड्युटीवर येणं, न दिलेलं औषध दिलं म्हणून लिहिणं, चूक झाकायला केस पेपरचं पान बदलणं, इथं कारवाई हवीच, नाहीतर बाकीच्यांचा विश्वास उडतो. मधला एक प्रकार असतो: 'सगळेच असं करतात' म्हणून घेतलेला शॉर्टकट. चार पेशंटची इंजेक्शनं एकदम भरून, लेबल न लावता एकाच ट्रेमधून नेणं हा त्यातलाच. तिथं आधी शॉर्टकट का घ्यावा लागतो ते विचारा, मग समजावा, आणि तरीही चालू राहिलं तर कडक व्हा. पण सरसकट दंडाची पावती फाडलीत, तर हे तिन्ही प्रकार एकाच अंधारात लपतील. तेव्हा पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर: दंड नको.

मग इन्सुलिनचं काय करायचं? सगळ्या रुग्णालयाची सुधारणा एकदम हातात घेऊ नका. एक वॉर्ड आणि एक औषध घ्या. दोन प्लॅस्टिकचे डबे आणा, एकावर लाल पट्टी, दुसऱ्यावर नारिंगी. सिरिंज फ्रीजमध्ये ठेवायची गरज नसते, पण ४० ची कुपी आणि लाल सिरिंज एकाच डब्यात राहू द्या, १०० ची आणि नारिंगी दुसऱ्यात, म्हणजे कुपी उचलताना हाताला येईल ती सिरिंज बरोबरचीच असेल. मेडिकलनं १०० ची कुपी सिरिंजशिवाय वॉर्डला द्यायचीच नाही, इंडेंटवर (मागणीच्या चिठ्ठीवर) दोन्ही एकत्र. ऑर्डर लिहिताना 'यू' अक्षर बंद, 'युनिट' असा पूर्ण शब्द. घाईत लिहिलेल्या '१०' पुढचा इंग्रजी यू शून्यासारखा दिसला की दहाचे शंभर होतात. आणि टोचण्याआधी दुसऱ्या सिस्टरनं तपासायचं. पण कसं? 'सोळा भरलंय गं, बघ' म्हटलं की समोरची मान हलवते, तिला सोळाच दिसतं. दुसरीनं आधी चार्ट वाचायचा, मग कुपीवरची ताकद, मग सिरिंजची टोपी, आणि शेवटी आकडा तिनं स्वतः म्हणायचा. अशी दुहेरी तपासणी मोजक्या औषधांनाच ठेवा: इन्सुलिन, हेपॅरिन, पोटॅशियम क्लोराइड, नॉरॲड्रिनॅलिनसारखी प्रेशरची इंजेक्शनं, आणि रक्त. सगळ्यालाच लावलीत तर आठ दिवसांत तिची नुसती सही होते.

(पोटॅशियमचा विषय निघालाच आहे तर: दहा मिलिलिटरच्या ॲम्प्यूलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट असतात आणि प्लॅस्टिकची ॲम्प्यूल डिस्टिल्ड वॉटरच्या जुळ्या बहिणीसारखी दिसते. जनरल वॉर्डच्या कपाटातून ती आजच उचला. आयसीयू आणि मेडिकलमध्ये वेगळ्या, कुलपातल्या, लाल लेबलच्या डब्यात ठेवा. याला समिती, ठराव, प्रशिक्षण काहीही लागत नाही.)

डब्यांची पद्धत पहिल्या दिवशी एका शिफ्टला, एका सिस्टरबरोबर वापरून बघा. काहीतरी अडेलच: डबा फ्रीजच्या दारात बसणार नाही, पट्टी ओलीनं निघेल, रात्री मेडिकल बंद असेल. ते दुरुस्त करा, मग तीन सिस्टर, मग वॉर्ड. बऱ्याच सुधारणा एका चुकीनं मरतात: सोमवारी परिपत्रक निघतं, मंगळवारी सगळीकडे लागू होतं आणि शुक्रवारी विसरलं जातं. आठवड्याला वीस इन्सुलिनचे डोस स्वतः उभं राहून बघा, किती वेळा कुपी-सिरिंजची जोडी बरोबर होती ते मोजा आणि आलेखाच्या कागदावर एक टिंब ठेवा. दहा-बारा टिंबं झाली की मधली रेघ ओढा. पुढची सहा टिंबं सलग रेघेच्या वरच राहिली तर समजा खरंच बदललंय. एका आठवड्याच्या चढ-उतारावरून कुणाला शाबासकी देऊ नका, झापूही नका.

ओळख पटवण्याबद्दल दोन शब्द, कारण आपल्या भागात हा घोळ जरा जास्तच. एका वॉर्डात चार पाटील आणि तीन शिंदे असतात, त्यातही दोघींचं पहिलं नाव एकच. 'तुम्ही पाटील का?' असं विचारलं की अर्धवट झोपेतली आजी 'हं' म्हणते. जत-अथणीकडची कन्नड बोलणारी मंडळी तर डॉक्टरांना नाही कशाला म्हणायचं म्हणून मान हलवतात. 'तुमचं पूर्ण नाव सांगा' असं विचारा आणि मनगटावरच्या पट्टीचा नोंदणी क्रमांक केस पेपरशी ताडून बघा. जन्मतारखेवर विसंबू नका. जुन्या माणसांच्या कागदावरची १ जून ही बहुधा शाळेच्या मास्तरांनी घातलेली असते. खाट क्रमांक तर ओळख नव्हेच, पेशंट खिडकीकडे सरकवला की तो बदलतो.

आता ओटी. सर्जन ऐकत नाहीत, ही तुमची दुसरी तक्रार. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ साली आणलेली ती १९ कलमांची यादी म्हणजे खरं तर तीन थांबे आहेत: भूल देण्याआधी, चिरा घेण्याआधी, पेशंट ओटीतून हलवण्याआधी. २००९ मध्ये दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांचे निकाल आले, तेव्हा मृत्यूचं प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंत ११ वरून ७ टक्क्यांवर आल्याचं दिसलं. पुढं कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात १०१ रुग्णालयांत ती सक्तीची झाली आणि २०१४ मध्ये जाहीर झालेल्या अभ्यासात मृत्यूंमध्ये लक्षात घेण्याजोगा फरक दिसला नाही. या दोन निकालांवर तज्ज्ञांचे वाद आहेत, पण तुमच्यापुरतं इतकं पुरे: कागदावर टिक होणं आणि माणसं थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या ओटीत आज फक्त टिक होतेय. 'तुम्हीच भरून टाका' हे मान्य करू नका. थांबा झालाच नसेल तर रकाना कोरा सोडा आणि तसं संचालकांना आधीच सांगून ठेवा. खोट्या टिकेपेक्षा कोरा रकाना बरा, कोर्टातसुद्धा.

सर्जनांना चेकलिस्ट विकायला जाऊ नका. त्यांच्या स्वतःच्या दुखण्यापासून सुरुवात करा. कुठल्याही सर्जनला टाक्यांत पू झालेला खपत नाही. शस्त्रक्रियेआधीचं अँटिबायोटिक चिरा घेण्याआधीच्या साठ मिनिटांत जायला हवं. आपल्याकडे होतं असं की यादीप्रमाणे केस आठची, म्हणून वॉर्डात सातला इंजेक्शन दिलं जातं. आधीची केस लांबते आणि पेशंट टेबलावर येतो साडेदहाला. औषध दिल्याची नोंद आहे, पण उपयोगाची वेळ टळून गेलीय. गेल्या महिन्यातल्या तीस केस काढा, इंजेक्शनची वेळ आणि चिऱ्याची वेळ यांतलं अंतर लिहा आणि तो एक कागद सर्जनपुढे ठेवा. कुणाचं नाव नको, टिप्पणीही नको. इंजेक्शन वॉर्डातून काढून ओटीत, भूलतज्ज्ञांच्या हाती द्या. मग 'अँटिबायोटिक गेलं का?' हा प्रश्न विचारायला सगळ्यांना थांबावंच लागतं, आणि त्याच थांब्यात नाव, बाजू आणि शस्त्रक्रियेचं नाव मोठ्यानं म्हणून होतं. भूलतज्ज्ञांपैकी एक जण तयार असेल तर त्याच्या यादीच्या दिवशीच सुरू करा. स्क्रब सिस्टरनं थांबा होईपर्यंत ब्लेड हाती द्यायचं नाही, हा नियम संचालकांच्या सहीनं आला पाहिजे, तिच्या हिमतीवर सोडायचा नाही.

'मी पडले सिस्टर' या वाक्याचं उत्तरही यातच आहे. डॉक्टरांना तुम्ही औषधशास्त्र शिकवायला जात नाही आहात. त्यांच्या पेशंटचं, त्यांना वरून न दिसणारं काहीतरी दाखवताय. चोवीस तास पेशंटजवळ सिस्टरच असतात, दोन राऊंडमध्ये येणाऱ्याला हे कसं दिसणार?

आणि खरी गाठ संचालकांशीच आहे. त्यांना भेटताना तक्रार घेऊन जाऊ नका, मागण्या घेऊन जा. मी तुमच्या जागी चार गोष्टी मागितल्या असत्या. आठवड्यातले दोन पूर्ण दिवस आयसीयूच्या ड्युटीतून सुटका, कारण उरलेल्या वेळात केलेली क्वालिटी म्हणजे फायली भरणं. सोमवारी सकाळी आठच्या हँडओव्हरनंतर त्यांनी स्वतः दहा मिनिटं वॉर्डात उभं राहून एकच प्रश्न विचारायचा: 'गेल्या आठवड्यात कुठं थोडक्यात वाचलो?' उत्तर ऐकून 'कुणी केलं?' असं विचारायचं नाही. एकदा जरी विचारलं तरी पुढचे सहा सोमवार वाया जातील. तिसरं, प्रामाणिकपणे सांगितलेल्या चुकीवर मेमो नाही, असं त्यांच्या सहीचं अर्ध्या पानाचं पत्र. आणि चौथं सगळ्यात अवघड: त्या सिस्टरचा मेमो मागे घेणं, कापलेले आठ दिवस परत देणं, आणि हे सगळ्या शिफ्टच्या सिस्टरना सांगणं. बाकी तिन्ही मिळाल्या आणि ही राहिली, तर पत्र कुणी वाचणार नाही.

ते म्हणतील, 'लेखी ठेवलं की उद्या नातेवाईक ग्राहक आयोगात जातील.' ही भीती खोटी नाही, उडवून लावू नका. घडलेलं वैद्यकीय सत्य केस पेपरवर वेळेसह यायलाच हवं. काय दिलं, साखर किती आली, काय उपचार केले. चुकलेल्या शब्दावर एकच आडवी रेघ, सही, वेळ. पान बदलणं किंवा व्हाइटनर कधीच नाही. 'असं का झालं' याची चर्चा मात्र इन्सिडेंट फॉर्मवर आणि सुधारणेच्या बैठकीत. तो फॉर्म केस पेपरला टाचायचा नाही आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा फोटो टाकायचा नाही. वकिलांना एकदा दाखवून घ्या. नातेवाइकांशी त्याच दिवशी, मुख्य डॉक्टरांनी, खुर्चीवर बसून बोलावं: काय झालं, आता पेशंट कसा आहे, पुढं काय करतोय. लपवलेलं पुढं दुसऱ्या वॉर्डातल्या मावशीकडून कळलं, की माणसं गाडी भरून येतात.

फॉर्म अर्ध्या पानाचा ठेवा: काय झालं, कुठं, कधी, पेशंटला काही झालं का, पुन्हा होऊ नये म्हणून काय सुचतं. नाव लिहिणं ऐच्छिक. पेटी संचालकांच्या केबिनबाहेर कॅमेऱ्याखाली लटकवू नका, औषधाच्या ट्रॉलीजवळ ठेवा. मावशी आणि मामांना लिहायचा कंटाळा असेल तर त्यांनी तोंडी सांगावं, तुम्ही लिहून घ्या. ओली फरशी आणि तुटलेली खाटेची कठडी त्यांनाच आधी दिसते. दर शनिवारी फळ्यावर दोन ओळी: 'तुम्ही हे सांगितलं, आपण हे केलं.' तीन आठवडे फळा कोरा राहिला तर पेटीही कोरी राहील.

एक गोष्ट संचालकांना आधीच लेखी सांगा: नोंदी वाढतील. महिन्याला शून्यावरून पंधरा-वीस झाल्या तर दचकायचं नाही. त्यात 'होता होता टळलं' अशा किती आणि प्रत्यक्ष इजेच्या किती, हे वेगळं बघा. पहिल्या वाढू द्या. हे आधी सांगितलं नाहीत, तर दुसऱ्याच महिन्यात 'तुम्ही आल्यापासून चुका वाढल्या' असं ऐकावं लागेल.

हात धुण्याचं तुम्ही विचारलंय ते थोडक्यात. उभं राहून मोजलं की सगळे हात धुतात. त्याऐवजी हँडरबच्या बाटल्या मोजा. दर पेशंटमागे दिवसाला २० मिलिलिटर हा जागतिक आरोग्य संघटनेचा ढोबळ मापदंड आहे. तुमच्या पंचेचाळीस पेशंटना महिन्याला सत्तावीस लिटर. स्टोअरमधून प्रत्यक्षात किती गेले ते बघा, आणि बाटली खाटेच्या पायाशी आहे की वॉर्डाच्या दारात, तेही.

राहिला काम सोडायचा प्रश्न. आत्ता सोडू नका, पण मुदत ठेवा. नव्वद दिवस. या चार मागण्यांपैकी दिवसांची सुटका आणि मेमो या दोन पहिल्या महिन्यात मिळाल्या तर थांबा, इन्सुलिनचा आलेख पूर्ण करा. मिळाल्या नाहीत, किंवा या काळात नोंद केली म्हणून आणखी कुणाचा पगार कापला गेला, तर जबाबदारी लेखी परत करून आयसीयूत जा. तिथंही दोन डबे ठेवता येतातच. अधिकार नसताना नुसतं पद सांभाळलंत, तर पुढच्या मोठ्या चुकीवेळी 'क्वालिटी बघणारी कोण होती?' म्हणून बोट तुमच्याकडेच येईल.

आणि डब्यांचं ठरवायला बसाल तेव्हा त्या सिस्टरला बरोबर घ्या. त्या फ्रीजमध्ये रात्री दोन वाजता काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नाही. मात्र त्याआधी मेमो मागे घेतल्याचं पत्र तिच्या हातात पडलेलं असू द्या. रात्रपाळीला असेल, तर रात्री जाऊन द्या.